केरबातला र

दरसाल सप्टेंबर लागला
की नगरपालिकेचा शिपाई दारात येतो,
पेंटर, स्मारकाचं काम निघालंय.
ब्रशचं एवढं एकच काम उरलंय आता.
बाकी सगळं फ्लेक्सनं नेलं,
वाढदिवस, दशक्रिया, रसवंतीच्या पाट्यासुद्धा.

रिसाला मागं टाकून नव्या प्लॉटिंगमधून गेलं
की डाव्या हाताला गोऱ्यांचं कब्रस्तान
उजव्या हाताला स्मारक
मधी तारेचं कंपाउंड, एक पडकं फाटक.
शेळ्यांना दोन्हीकडं सारखीच मुभा.

प्लॉटिंगचा बोर्डही मीच रंगवला होता,
तेव्हा इथं नुसती हायब्रीडची धसकटं.
खुल्या जागेचा चौकोन हिरवा करायचा होता,
प्लॉटवाला म्हणला, भरपूर हिरवा मार,
गिऱ्हाईक हिरवं बघूनच थांबतं.
अर्धा डबा गेला.
त्या चौकोनात आज सभामंडप आहे,
एक जिम,
आणि कुणाचा तरी जेसीबी, दोन वर्षांपासून पंक्चर.

स्मारकावर बावीस नावं.
निजामाच्या वखताला गेलेली अठरा,
पुढच्या लढायांतली चार.
काळी फरशी, पांढरा ऑइलपेंट.
एक उन्हाळा, की पोपडे.
कागदावरची यादी पालिकेनं कधीच हरवली,
फरशी हीच यादी.
म्हणून मी नावं आधी वहीत उतरवतो,
मग पॉलिश पेपरनं घासून काढतो,
मग पुन्हा लिहितो.
मधला अर्धा तास फरशी कोरी असते,
बावीस माणसं माझ्या चाळीस पानी वहीत.
त्या अर्ध्या तासात मी बिडी पेटवत नाही.

एका साली गणपतीवाल्यांचं साउंड टेस्टिंग चालू होतं,
हातातला ब्रशसुद्धा थरथरायला लागला,
आणि केरबाचा र माझ्याकडून गळाला.
केबा ग्यानोजी खिल्लारे.

तीन सतरा सप्टेंबर गेले.
तीनदा झेंडा, तीनदा हार,
तीनदा माईकवरून, आम्ही यांना विसरणार नाही.
केबा तसाच उभा.
मी तरी काय केलं,
दरसाल वहीत केबा उतरवला
आणि चुकीला नवा रंग दिला.

चौथ्या साली झेंड्याच्या आदल्या सांजेला
एक पोरगी आली, पाठीला दप्तर,
ओल्या रंगापासून वीतभर लांब बोट धरून
एकेक नाव वाचत गेली.
थांबली.
काका, आमच्या घरी तर केरबा म्हणतेत.

ब्रश रॉकेलात बुडवून झाला होता.
के आणि बा यांच्या मधी काडीची जागा नव्हती.
मग शाळेच्या वहीत करतात तसं
खाली काकपद केलं
आणि र वर बसवला, जरासा तिरपा.
ती म्हणली, आमच्या बाई याचा अर्धा मार्क कापतेत.

पुढच्या साली नीट लिहिता आलं असतं.
नाही लिहिलं.
दुधवाला, जिमची पोरं, शेळ्यांमागची म्हातारी,
जो तो तिथंच थांबतो,
हे काय मधीच, म्हणून जवळ येतो
आणि नाव पुरतं वाचतो.
बाकी एकवीस जणांवरून नजर घसरते,
त्याला माझ्याकडं इलाज नाही.

दुपारी डबा घेऊन मी फाटकातून पलीकडं जातो.
लिंबं राहिलीत ती तिकडंच.
गोऱ्यांच्या दगडांवर इंग्रजी अक्षरं,
मला येत नाहीत.
ज्या पाथरवटानं कोरली त्यालाही येत नसणार,
तरी एकही छिन्नी हुकलेली नाही,
बोट फिरवलं की कळतं.
त्यांना रंग लागत नाही, शिपाई लागत नाही.
पावसाळाभर त्या खाचांत शेवाळ भरतं,
ओळीच्या ओळी, कडेला थेंबही न सांडता.

चटणी-भाकर खात मी बघत बसतो.
चाळीस वर्षं डबे कालवले,
असला हिरवा
माझ्याकडून निघाला नाही.