खालचा स्नायू

मेडिकलच्या फिजिओ विभागात, तिसऱ्या टेबलावर
सदरा काढून पालथा पडलोय मी,
आणि आसावरी गजभिये नावाची पोरगी
माझ्या पाठीवरचे केस वस्तऱ्यानं काढून राहिली.
"लागलं तर सांगा, काका."
छप्पन्न वर्षांत ही पाठ उजेडात
कोणी इतका वेळ पाहिली नव्हती.

तीन चकत्या चिकटवते.
एक मानेच्या मुळाशी.
एक पात्याच्या खाली, कण्याकडं तिरपी.
(ती पातं म्हणते. आम्ही फराच म्हणतो,
बोकडाचा असो की माणसाचा.)
एक बगलेखाली, बरगड्यांवर,
जिथं फक्त गुदगुल्या राहतात असा माझा समज होता.
"इथंही स्नायू आहे, करवतीच्या दात्यांसारखा.
हा सुटला की पातं पाठीतून वर येतं,
दार चौकटीतून निघाल्यासारखं."

वायर. डबा. पडदा.
"हात उचला. अंगठा छताकडं."
छत माझ्या पाठीमागं. मला दिसत नाही,
अंगठ्यानं अंदाजानं शोधावं.

पडद्यावर वरची रेघ उसळते,
दिवाळीच्या आदल्या संध्याकाळची बर्डी.
खालची रेघ म्हणजे मे महिन्यातली दुपार:
कूलर सुरू, सगळे आडवे.

"पाहा, वरचाच सगळं काम करून राहिला.
खालचा उठतच नाही."
मी म्हटलं, अशी घरं मी पाहिलीत.
ती हसली नाही. तिला आकडे लिहायचे होते.

तीस वर्षं धोटा फेकला या हातानं,
गोळीबार चौकामागच्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून.
दोरीला झटका, धोटा इकडं. झटका, तिकडं.
शरीराचं नाही, पण ताण्याचं मला कळतं.
एक धागा ताठ, शेजारचा ढिला
की तुटतो तो ताठवाला,
आणि सगळे त्यालाच बोल लावतात.
हे सांगितलं तेव्हा तिचं पेन थांबलं.
"थीसिसमध्ये लिहू?"
लिही. धाग्याचं लिही. माझं नाव नको.

घरचा अभ्यास:
भिंतीवर टॉवेल सरकवत वर न्यायचा.
भिंत ढकलायची, आणि ढकलून झाली
की आणखी जराशी ढकलायची.
म्हणे त्या आणखी जराशीतच औषध आहे.
पिवळा रबरी पट्टा मी मागाच्या खांबाला बांधला.
माग भंगारात गेला,
खांबावर आढं आहे म्हणून खांब राहिला.
पट्टा हाती आला की हात जुनाच झटका देतो.
"झटका नको, काका. तीन मोजत परत सोडा."
हळू परत सोडणं
या हाताला कोणी शिकवलंच नव्हतं.
कोणत्या मालकाला परवडलं असतं?

पंचफुला फऱ्याखाली बोट रोवते.
"इथून ओढा. खांदा कानाले लावू नका."
पोरीनं तिला शिकवून पाठवलं.
भर दिवसा, दार उघडं,
समोर हेडाऊंची म्हातारी तांदूळ निवडत बसलेली,
आणि बायको माझ्या पाठीत कोणाला तरी उठवून राहिली.
"हलला?"
"नाही."
"हलला बाप्पा! माह्या बोटाले लागलं."
मला काही कळलं नव्हतं.
माझ्या अंगातली बातमी तिला आधी.

सहाव्या आठवड्यात पुन्हा वस्तरा, पुन्हा चकत्या.
खालची रेघ उठली.
उठली म्हणजे काय,
उशीवरून डोकं उचलून कोण आलं ते पाहिलं, इतकंच.
आसावरीनं आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या,
आणि कपाटातून लाल पट्टा काढला.
चकत्या ओढताना मी ओरडलो.
ते दुखणं नवंकोरं होतं, बरं वाटलं.

फाटकाबाहेर बस दिसली.
दोन वर्षं बसला डावाच हात करत होतो.
आज उजवा आपणहून निघाला,
छातीपाशी थांबला, मग वर,
कानाला खांदा न लावता,
एक, दोन,
ड्रायव्हरनं गाडी पुढं काढली.
हात वरच होता.
तीन मोजून
हळूच खाली आणला.