ड्रमफिनानचे व्हायकाउंट

केसांचा टोप मीच बसवायचो त्यांना,
बेचाळीस वर्षं.
आधी पांढरी पूड, मग काळी रिबन,
आणि उजवीकडची बट जरा पुढे ओढून,
कारण कानामागे वडिलांच्या चाबकाचा वळ होता,
तो सभागृहाला दिसायचा नव्हता.

पहिल्या वर्षी ते 'नाही' म्हणाले.
डब्लिनच्या त्या खांबांच्या इमारतीत,
मेणबत्त्या बुडाशी आलेल्या असताना.
बाहेर कोळसेवाल्यांनी घोडे सोडले
आणि गाडी स्वतः ओढली घरापर्यंत.
मी मागच्या पायरीवर उभा.
त्या रात्री मलासुद्धा कुणीतरी 'साहेब' म्हणालं.

मग पत्रं येऊ लागली. जाड कागद, लाल लाख.
तळ्याकाठचं घर गळत होतं,
दोन मुली लग्नाच्या,
आणि पत्त्यांतलं देणं तर बाईसाहेबांनाही ठाऊक नव्हतं.
मला होतं.
बूट पुसणाऱ्याला कळतंच
माणूस कुठला चिखल तुडवून आला.

पुढच्या वर्षी ते 'हो' म्हणाले.
एक अक्षर कमी लागलं.

घोडे कुणी सोडले नाहीत.
एका मासळीवालीने माशाचं डोकं भिरकावलं,
नेमकं काचेवर.
काच मी पुसली. वास आठवडाभर राहिला.

छप्पर झालं, वेल्सच्या पाटीचं.
मुली उजवल्या.
ड्रमफिनानची कुळं टोप्या काढायची अजून,
फक्त गाडी पुढे गेल्यावर.

म्हातारपणी एकदाच गेलो आम्ही त्या इमारतीत.
तिची बँक झाली होती. भिंतीसुद्धा हलवलेल्या.
सुजलेला अंगठा सावरत, काठी टेकत
ते एका मेजापाशी थांबले:
"टिअर्नन, मी इथे बसायचो."
माझ्या मते जागा आणखी डावीकडे होती.
मी काही बोललो नाही.
मग पैसे काढताना त्यांनी सही केली
जुन्या, साध्या नावाची. यूलिक टॅरंट.
कारकुनाने कागद परत सरकवला.
म्हणाला, या नावाचं खातं नाही आमच्याकडे.

शवपेटीत त्यांना टोप घातला नाही.
तशी चालही गेली होती.
वळ दिसत होता. फार मोठा नव्हता.

टोप मला मिळाला, मृत्युपत्रात लिहून.
माझ्या बायकोने त्यात कोंबडी बसवली आहे.
सात अंड्यांवर.
दुपारी उठून दाणे टिपून येते,
पुन्हा जाऊन बसते, मान डावीकडे करून.