सुमारे

नाशिकरोडला प्रेसमध्ये मोजणीला होते मी,
एकतीस वर्षं.
मुद्रांकाचे ताव. गड्डी अंगठ्याखालून सरकायची
आणि आकडा ओठांवर यायच्या आधी
बोटांना कळलेला असायचा.
एक ताव कमी पडला की भोंगा.
फाटक बंद. अंगावरचं पोर घरी रडत असलं
तरी बाईला सोडायचे नाहीत.
झडती, मोजणी, पुन्हा झडती.
एकदा रात्रीचे अकरा वाजले. ताव निघाला
यंत्राच्या पोटात, चुरगळून बोळा झालेला.
पण निघाला.

चिंचबन वस्तीतून माणसं नेली त्या रात्री
कुठलंच फाटक बंद झालं नाही.

मी खिडकीत होते, दिवा मालवून.
हाताला सवय. मोजली.
नऊ.
हमीदा तांबोळीचा धाकटा सहावा,
मागे वळून आईला म्हणाला,
कडी लावून घे.

आयोग बसला तेव्हा दोन वर्षं उलटली होती.
विश्रामगृहाचा हॉल, एकाच बाजूला वारा घालणारा पंखा.
प्रतिज्ञापत्राचा ताव मी उजेडात धरून पाहिला,
आमच्याच हातचा.
बाई, अंधार होता. नक्की किती?
नऊ.
म्हणजे अंदाजे?
नऊ.
टंकलेखकाने साहेबांकडे पाहिलं, मग टकटक सुरू.
अहवाल आला आणखी सहा वर्षांनी.
पान एकशे बारा :
सुमारे आठ ते दहा व्यक्ती.

सुमारे.
या गावात पुराचं पाणीसुद्धा कोणी सुमारे सांगत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं,
कमरेला लागलं, गळ्याशी आलं,
शेंबडी पोरं पुलावरून ओरडून सांगतात
आणि सराफ बाजार त्या शब्दावर दुकानं रिकामी करतो.

हमीदाला साहेब म्हणाले, सात वर्षं झाली,
कायद्याने आता तो मेलेला. सही करा, पैसे मिळतील.
तिने रेशनकार्ड पुढे केलं.
म्हणाली, याच्यावर त्याची साखर चालू आहे.

पुंजाराम कहांडळ. माझ्या शेजारच्या टेबलाचा.
त्याचा आकडा चुकायचा नाही.
त्या रात्री बॅटरी त्याच्या हातात होती.
सांगितलं होतं मी, नावानिशी.
अहवालात 'एक इसम'.
त्यानंतर एकमेकांचे ताव तपासले आम्ही,
वर त्याची सही, खाली माझी,
बावीस वर्षं, अवाक्षर नाही.

परवा तो आला.
काठी, डोळ्यावर हिरवी पट्टी, मोतीबिंदू नुकता काढलेला.
ओट्यावर बसला. पाणी विचारलं नाही मी.
म्हणाला, तुझी मोजणी चुकली आहे.
दहा होते.
एकाला आधीच नेला, तेलघाण्याच्या अंगाने.
तुझ्या खिडकीतून तो कोपरा दिसत नाही.
नाव?
ठाऊक नाही. वस्तीतला नव्हता, पाहुणा असेल कुणाचा.
एकाच पायात चप्पल होती.
कुठे?
त्याने जागा सांगितली.
मग बराच वेळ उठता येईना त्याला.
मी हात दिला नाही.

माफी मागितली का, लेक विचारते.
नाही.
मागितली असती तर काय केलं असतं, मलाही माहीत नाही.
मला रात्रभर एवढंच टोचत राहिलं
की एकतीस वर्षांत माझा एक ताव कमी भरला नव्हता.

सकाळी मुद्रांकवाल्याच्या रांगेत उभी राहिले.
शंभराचा आता चालत नाही, पाचशेचा घ्या.
काय लिहायचंय, भाडेकरार?
दुरुस्ती.
आयोग तर कधीच उठला, आजी.
म्हटलं, मागे माणसं खोळंबलीत. तू ताव दे.

हमीदाच्या दारात बसून लिहिलं.
ती विचारत होती,
त्या पोराची आई कुठल्या गावची असेल गं,
तिला कोण सांगेल.
हाताच्या सवयीने नऊच लिहिलं गेलं.
खोडलं. वर काढलं दहा.

प्रेसमध्ये खाडाखोडीला दोन सह्या लागायच्या.
खालची मी केली आहे.
वरची जागा सोडली आहे.
माझा ओटा त्याने पाहिलेला आहे.