ठिपका

वदिनेनं माझ्या पेल्याच्या बुडाला
नेलपेंटचा ठिपका लावलाय, लाल.
बाटली तिच्या थोरलीच्या लग्नातली.
त्या लग्नात मी आतल्या खोलीत होते,
पाहुण्यांनी विचारलं तर अल्सर सांगायचं ठरलं होतं.

अल्सरच म्हणतात अजून.
खरं नाव घेतलं तर
उंबरा ओलांडून आत येईल म्हणे.
आलंय की.
यकृतात आलंय, मणक्यात आलंय,
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्मवर बोट ठेवून दाखवलं.

काल विड्या घेऊन शाखेत गेले.
सत्तावीस वर्षं तीच खिडकी.
चेकर यंगमनं कट्टे हातात घेतले नाहीत,
पेन्सिलीनं मागं ढकलले.
"अक्का, तुमच्या हातचं नको आता.
ओढणाऱ्याला काही झालं तर?"

मी हसले.
रांगेतल्या बाया त्या हसण्याला भ्याल्या,
पदर सावरून सरकल्या.
रोज हजार, सत्तावीस वर्षं,
किती छात्यांत धूर भरला या बोटांनी,
तेव्हा कुणाला काही झालं नाही वाटतं?

अशोक चौकातून पायीच आले.
मागांचा खडखडाट होता, बरं वाटलं,
त्यात कुणी कुणाला तब्येत विचारत नाही.

रात्री जेवताना धाकट्या स्रवंतीला ठसका लागला.
समोर दिसला तो पेला उचलून
घटाघटा प्याली.
वदिना किंचाळलीच.
"काय झालं? पाणीच तर आहे,"
असं म्हणत पोरीनं उरलेलं माझ्यापुढं सरकवलं
आणि चटणी मागितली.

सगळे झोपल्यावर
मी नखानं ठिपका खरवडत बसले.
विड्या वळून नखं झिजलीत,
निघेना.