वहीचं मागचं पान

श्रीरंग फोनवर म्हणाला, महिन्याचे आकडे लिही,
मग ठरवू, तू पुण्यात यायचं की मी रत्नागिरीत.

डावीकडे त्याचं: बसचा पास,
पास चालत नाही तिथे रिक्षा, मीटरने,
रविवारी गाडीत पेट्रोल.
उजवीकडे माझं:
साळवी स्टॉप ते मारुती मंदिर, सीटवर, वीस.
पुढे भाट्याला एसटी, पंधरा.
एसटी चुकली तर स्पेशल रिक्षा, दीडशे.
आणि ती चुकतेच,
लॅबमधले शेवटचे रिपोर्ट
साडेसातच्या गाडीला ओळखत नाहीत.

लहान गाव महाग पडतंय.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सतरा तारखेचा रकाना कोरा आहे.
स्पेशलवाल्याने दोनशे मागितले, तशी
रेहाना सोलकर म्हणाली, "चल गो, पूल काय लांब नाय."
अर्ध्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
वारा असा, की ओढणी दातांत धरून बोलावं लागत होतं.
खाली भरतीचं पाणी खाडीत उलटं शिरत होतं,
राजिवड्याच्या दोन होड्या दिवे न लावता निघाल्या.
रेहाना कठड्याला टेकून
दिराच्या नावाने मनसोक्त शिव्या देत होती,
मी डब्यातली उरलेली भाकरी खात होते.
पाऊण तास गेला, की जास्त.

"सतराला काय लिहू?"
"चालत गेलीस ना? मग शून्य."
तो बेरीज करायला लागला,
कॅल्क्युलेटरची बटणं मला इथवर ऐकू येत होती.

उजवी बाजू चारशे सत्तरने जड निघाली.
मी म्हटलं, पुन्हा एकदा मोज.