समतुल्य नाही

पात्रता विभाग, दुसरा मजला, खिडकी चार.
काचेला खाली अर्धगोल भोक.
त्यातून फक्त कागद जातो,
आवाज वरून टाकावा लागतो.

देगलूरहून आणलेलं सगळं एका पिशवीत:
चार सेमिस्टरच्या गुणपत्रिका, टीसी,
स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याच्यासाठी नांदेडला तीन खेपा,
त्यातल्या एका खेपेला सहीचे साहेब
लग्नाला बिदरला गेलेले.
ताईचं घाटीतल्या नोकरीचं पत्रही ठेवलं होतं.
तिची रात्रपाळी, अन् लेकरू आठ महिन्यांचं.
कुणी विचारलंच, इकडं कामून आलास, तर दाखवावं.
कुणी विचारलं नाही.

मठपती मॅडम पेन्सिलीनं खुणा करत गेल्या.
पेशीविज्ञान, चार. आले.
वनस्पतींची अंतर्रचना, चार. आले.
रसायनशास्त्राच्या पेपरचं इकडं नावच वेगळं निघालं,
पण आतला माल तोच, म्हणून चाललं.
मग पेन्सिल थांबली.
"हे काय? क्षेत्रीय प्रकल्प, लेंडीकाठचं गवत?"
हाव, म्हणालो.
"असा विषय नाही आपल्याकडं."
शेरा पेनानं पडला: समतुल्य नाही.
अठ्ठ्याऐंशीतून चार गेले.

मॅडम, ते चार म्हणजे
गौसची स्प्लेंडर, मागं मी,
माझ्या मांडीवर रद्दीचा गठ्ठा, गवत दाबायला.
मारवेल, पवन्या, शेडा, कुंदा,
अन् एक असं, जे कुठल्याच पुस्तकात सापडेना.
म्हशीमागं फिरणाऱ्या शेवंताबाईंनी त्याचं नाव सांगितलं,
एकदा तेलुगूत, एकदा मराठीत,
आणि आमच्या तोंडाकडं बघून
म्हशीला काय आवडतं तेही.
बिरादार सरांनी वहीत आधी तेलुगू नाव लिहिलं.
गौस चिखलात बसला तो अर्धा तास
प्रात्यक्षिकात धरायचा की नाही,
ह्यावर परत येताना भांडण झालं होतं.

बाहेरच्या बाकावर बसून शब्द फोडला: श्रेयांक.
अंक मोजायला खिडकी आहे, समिती आहे,
मोबाईलवर बारा आकड्यांचं खातंही उघडलंय.
श्रेय कुठं भरायचं?
शेवंताबाईंना तर सही येत नाही.

पहिल्या तासाला सरांनी विचारलं होतं,
कलम म्हणजे काय रे?
एक म्हणाला, पेन. मागून कुणी म्हणालं, पोलीस लावतात ते.
मी म्हणालो, आंब्याचं.
सर म्हणाले, तिन्ही बरोबर, परीक्षेत एकच लिहा.
मग दाखवलं: काप दोन्हीकडं द्यायचा,
खुंटाला आणि फांदीला, एकाच मापाचा,
नाहीतर साल सालीला भेटत नाही.
मी काप देऊन आलोय.
खुंट अजून नियम बघतोय.

परत रांगेत लागलो. त्या चारांचं काय करायचं?
"पर्यावरण परिचय घे. ऑनलाईन आहे, चाळीस प्रश्न.
यायचीसुद्धा गरज नाही."
कागद भोकातून परत आला.
मग मॅडम जरा वाकल्या,
आवाज पहिल्यांदाच खालून आला:
"कोणतं होतं रे ते गवत?
आमच्या औरादला बांधावर एक असायचं, तांबूस तुऱ्याचं."
मला नाव तेलुगूतलंच आठवलं.
ते तोंडात जुळवेपर्यंत
मागच्यानं कोपर लावलं, त्याची फी भरायची शेवटची तारीख.

संध्याकाळी गौसला फोन केला. चौऱ्याऐंशी आले, म्हटलं.
तो म्हणाला, माझे पूर्ण अठ्ठ्याऐंशी हैत,
पण गड्या, जागचे हालले नाहीत.
तेवढ्यात लेकरू उठलं.
त्याला घेऊन गॅलरीत फिरताना
मोज्यात काहीतरी टोचत होतं, बहुतेक कुसळ.
दोन्ही हात गुंतलेले.
राहू दिलं.