मानखुर्दचं वळण

वाशीच्या पुलावर छोट्या गाड्यांचा टोल आता घेत नाहीत,
तरी हेरंबने सवयीने काच खाली केली
आणि मागच्या सीटवरून खारीने डोकं बाहेर काढलं,
सुट्टे तिच्याकडेच असल्यासारखं.

एकोणीस दिवस. चार हजार तीनशे किलोमीटर.
त्यातले दोनशे बारा आम्ही एकमेकांशी न बोलता केले,
चित्रदुर्गच्या पुढे, एका चुकलेल्या फाट्यावरून.
फाटा मी चुकवला होता.
फोनवरचा नकाशा माझ्या मांडीवर
आणि मी सूर्यफुलांकडे बघत बसलेले.
म्हटलं, पाटीच नव्हती.
पाटी होती. हिरवी, दुहेरी चादरीएवढी.

तेवढा सगळा वेळ खारी मधोमध,
हनुवटी हँडब्रेकवर टेकून.
एकदा त्याचं मनगट चाटायची, एकदा माझं,
बँकेतल्या शिपायासारखी,
ह्या टेबलाचा कागद त्या टेबलावर.

ती ह्याच गाडीखाली जन्मली.
कन्नमवार नगरात, बिल्डिंगच्या मागच्या भिंतीशी.
त्या वर्षी कारखान्याने पगार थांबवला होता
आणि गाडी सात महिने जागची हलली नव्हती.
चार पिल्लं. तीन कोणी कोणी नेली.
ही ऑइलच्या डागावर उरली,
खारी बिस्किटाच्या रंगाची, तशीच भुगा पाडणारी.
तिच्या हिशेबाने आम्ही कुठे फिरायला गेलोच नाही.
घरच चालायला लागलं, एवढंच,
आणि आम्ही दोघं एका वेळी घरात सापडलो.

कारण एरवी त्याची रात्रपाळी, माझी सकाळची शाळा.
तीस वर्षं दारातच भेट.
त्याच्या हातात डबा रिकामा, माझ्या हातात भरलेला.
होस्पेटला लॉजवाला म्हणाला, कुत्रं नाही चालणार,
तेव्हा तिघं गाडीतच झोपलो, सीटा मागे पाडून,
आणि मला कळलं की हा माणूस झोपेत मोजतो.
चव्वेचाळीस. पंचेचाळीस. मध्येच थांबून परत चव्वेचाळीस.
बहुतेक नट-बोल्ट असावेत.
सकाळी विचारलं नाही.
चहा पिताना त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं,
तर म्हणाला, काय, मिशीला लागलंय का काही?

मानखुर्दला उजवीकडे वळलं की अर्ध्या तासात घर.
दूध परत सुरू करायचं. दळवीबाईंकडून तुळस आणायची.
लिफ्ट बंदच असणार.
डिकीत एक पिशवीभर ओले टॉवेल,
बदामीच्या बाजारातली मिरची,
आणि खारीने कुठूनशी उचललेली एक डाव्या पायाची चप्पल,
जी ती आम्हाला टाकू देत नाही.

इंडिकेटर लागला. टिक टिक, टिक टिक.
मी काहीच म्हटलं नाही.
टिकटिक थांबली.
गाडी सरळ गेली.

"फाटा चुकलास," मी म्हटलं.
"पाटीच नव्हती," तो म्हणाला.
समोर बघत. मिशी अगदी जागच्या जागी.

मग चेंबूर गेलं, वडाळ्याचे झोपलेले ट्रक गेले,
आणि रात्री पावणेदोनला शिवडीच्या बंदरावर
रस्ताच संपला म्हणून आम्ही थांबलो.
ओहोटी. नुसता चिखल, लांबपर्यंत,
आणि त्यावर कुठल्या तरी टाकीच्या दिव्याची पुसट रेघ.
हेरंब बॉनेटला टेकला, लगेच उठला, चटका बसला.
मी हसले. तोही.
थर्मासमधला चहा दुपारचा होता, पनवेलच्याही आधीचा,
तो एकाच झाकणातून प्यायलो.

खारी खाली उतरली.
चिखलाचा वास घेतला, एका मांजरावर उगीच भुंकली,
मग दोनदा गोल फिरून
गाडीखाली शिरली आणि झोपली.

तिला उठवल्याशिवाय गाडी काढता येत नव्हती.
तो म्हणाला, उठवतेस?
मी म्हटलं, तू उठव.
आणि दोघंही तसेच उभे राहिलो.